मामांचा बंद पडलेला लॅपटॉप आणि त्यातल्या फायली

गेल्या जूनमधे आमचे खानापूरकडचे मामा सकाळच्या बसनं बेळगावात आले, हातात कापडी पिशवी, पिशवीत फणसाच्या गऱ्यांचा डबा आणि डब्याखाली लॅपटॉप. लॅपटॉप २०११ सालचा, मामा शाळेत मास्तर होते तेव्हा घेतलेला. "बघ रे ह्याला काय झालंय, बटण दाबलं की लाईट लागतीया, पंखा फिरालाय, पण पडद्यावर कायच येईना." कुणाला दाखवलात काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "गावात एकानं बघितलं की, म्हणाला विंडोज मारूया, सगळं नव्यासारखं होतंय." माझ्या पोटात गोळाच आला. "मारू दिलं नाही न्हवं?" "नाही रे, तुझ्या मामीनं सोडलंच नाही, लग्नाचे फोटो हायत म्हणून."

मामीनं नकळत जे केलं तेच ह्या विषयातलं सगळ्यात मोठं काम आहे, बाकी केबल आणि स्क्रू ड्रायव्हर नंतर.

लॅपटॉप बंद पडणं आणि फायली जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत मदरबोर्ड असतो, रॅम असते, स्क्रीन, बॅटरी, पंखा, ह्यातलं काहीही गेलं तरी मशीन गप्प बसतं, पण तुमचे फोटो, पत्रं, हिशेब ह्यांतल्या कशातच नसतात, ते असतात हार्ड डिस्कवर, जी तळहाताएवढी एक स्वतंत्र वस्तू आहे आणि जुन्या लॅपटॉपमधून तर चार स्क्रू काढले की हातात येते. दुकानाचं शटर जाम झालं म्हणून आतला माल नासत नाही, तसं. आपण शटर दुरुस्त करत बसायचं नाही, मागच्या दारानं माल काढून दुसऱ्या दुकानात नेऊन ठेवायचा. आणि ‘विंडोज मारूया’ म्हणजे काय, तर बहुतेक वेळा सी ड्राईव्ह फॉरमॅट करून तिथं नवीन विंडोज टाकणं, म्हणजे शटर उघडेना म्हणून आतला माल बाहेर फेकून भिंतींना रंग देणं. ह्यात दरवेळी रिपेरीवाल्याची चूक असते असं पण नाही, आपण जाऊन म्हणतो ‘चालू करून द्या’, तो चालू करून देतो. म्हणून तोंड उघडताना पहिलं वाक्य हेच पाहिजे, की मशीन गेलं तरी चालेल, मला आतला डेटा पाहिजे, फॉरमॅट करू नका. आणि कुणी आधीच विंडोज मारलं असेल तर लगेच रडायला बसू नका, सी ड्राईव्हमधे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर आहे काय बघा, फॉरमॅट न करता वरून विंडोज टाकलं असेल तर जुनं सगळं त्यात जाऊन पडतं. फक्त विंडोज १० आणि ११ हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपणहून पुसून टाकतात, त्यामुळं आज बघायचं, दिवाळीच्या सुट्टीत नाही.

स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दोन-तीन फुकटचे उपाय. लॅपटॉप घरच्या टीव्हीला एचडीएमआयनं जोडून बघा, कारण कित्येक वेळा मशीन व्यवस्थित चालू असतं आणि फक्त त्याचा पडदा गेलेला असतो, टीव्हीवर डेस्कटॉप दिसला की पेन ड्राईव्ह लावा आणि फायली काढा, विषय संपला. ते नाही झालं तर चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग नुसता चार्जर लावून चालू करा. रॅमची पट्टी काढून परत बसवली तरी काही मशीनं जागी होतात, आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात तर हे मी दोन-तीनदा बघितलंय. आणि विंडोजचं चिन्ह येऊन तिथंच गोल गोल फिरत राहत असेल, म्हणजे मशीन चांगलं पण विंडोज बिघडलंय, तर डिस्क काढायचीच गरज नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) पेन ड्राईव्ह तयार करायचा, लॅपटॉप त्या पेन ड्राईव्हवरून चालू करायचा, इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ म्हणायचं, आणि आतल्या फायली साध्या फोल्डरसारख्या समोर येतात.

मामांच्या लॅपटॉपवर ह्यातलं काहीच चाललं नाही. मदरबोर्डच गेलेला. मग पालथा घातला.

जुन्या लॅपटॉपला खाली एक छोटं झाकण असतं, त्याच्यामागं डिस्क. बॅटरी आधी काढायची, हे विसरायचं नाही. बारीक प्लसचा स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी, आणि प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर एक फोटो, कारण परत बसवताना कुठला स्क्रू कुठं होता हे देवाला पण आठवत नाही. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते, ती वर उचलायची नाही, कनेक्टरपासून लांब सरकवायची, मग सुटते. नवीन पातळ लॅपटॉपला मात्र असं झाकण नसतं, तळाचा पूर्ण पत्राच काढावा लागतो, आणि बॅटरी आत असते तिची वायर पहिली सोडवायची.

हातात जे येईल त्याचे प्रकार आहेत आणि केबल घ्यायला जायच्या आधी ते ओळखता आले पाहिजेत, नाहीतर गणपत गल्लीपर्यंत दोन हेलपाटे ठरलेले. अडीच इंची चौकोनी डबी, एका कडेला एल आकाराच्या दोन पट्ट्या, एक छोटी आणि एक मोठी, ही साटा डिस्क, गेल्या पंधरा-सतरा वर्षांतल्या बहुतेक जुन्या लॅपटॉपमधे हीच. त्याहून म्हातारं मशीन असेल तर पट्ट्यांऐवजी दोन रांगांत बारीक ४४ पिना दिसतील, ती आयडीई, तिला वेगळा अडॅप्टर. च्युईंगगमच्या पट्टीसारखं काही हिरवं-काळं निघालं तर ती एम डॉट टू एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात परत दोन जाती, साटा आणि एनव्हीएमई, आणि दोघींच्या केसिंग, म्हणजे डिस्कला घालायचे डबे, वेगळ्या, घेताना दोन्ही चालणारी मागा. आणि सगळं उघडून पण डिस्क सापडलीच नाही, तर स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपमधे ती ईएमएमसी म्हणून बोर्डवरच झाळून टाकलेली असते, नवीन मॅकबुकमधे पण स्टोरेज बोर्डवरच असतं, तिथं हा घरगुती मार्ग संपला, बोर्ड दुरुस्त करणाराच पाहिजे.

मामांची निघाली साधी साटा, ५०० जीबीची. तिच्यासाठी युएसबी ते साटा केबल आणली, मला साडेचारशेला पडली. केबलऐवजी केसिंग मिळते, तो डबा घेतला तर नंतर तीच डिस्क बाहेरची हार्ड डिस्क म्हणून वापरता येते. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ५ व्होल्ट पुरतात आणि ते युएसबीतूनच मिळतात, डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्ट पण लागतात, म्हणून तिला वेगळ्या अडॅप्टरची केबल. इथं एक बारीक गोम आहे. जुन्या युएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच करंट मिळतो, निळ्या युएसबी ३ मधून ९००, आणि काही जुन्या डिस्कांना सुरुवातीला फिरायला लागताना ५०० पेक्षा जास्त लागतो. मग डिस्क टिक टिक करते, दिसते, गायब होते, परत दिसते, आणि माणूस म्हणतो डिस्क गेली. अहो डिस्क उपाशी आहे. निळ्या पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला, आणि मधे हब नको.

आता जरा विषय सोडून सांगतो, कारण हे मला मजेशीर वाटतं. आमच्या भागात १९५६ म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यासमोर येते, राज्य पुनर्रचना, १ नोव्हेंबर, बेळगाव म्हैसूर राज्यात. त्याच १९५६ साली तिकडं अमेरिकेत आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, रामॅक नावाच्या मशीनबरोबर, २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, कपाटाएवढा आकार, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या मोबाईलमधला एखादा चांगला फोटो कसाबसा बसला असता. सीमाप्रश्न आहे तिथंच आहे, डिस्क मात्र कुठल्या कुठं गेली. असो.

केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की चार-पाच प्रकार होऊ शकतात. ड्राईव्ह सरळ दिसली तर उत्तमच. पण कित्येकदा पडद्यावर येतं, ‘ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करा’, आणि खाली फॉरमॅटचं बटण असं ठळक की बोट आपोआप तिकडं जातं. ते दाबायचं नाही. कॅन्सल. विंडोजला त्या भागाची भाषा समजली नाही एवढाच त्याचा अर्थ, कदाचित तिथं लिनक्सचा भाग असेल, कदाचित सुरुवातीची थोडी माहिती बिघडली असेल, आतल्या फायली अजून जागेवर असू शकतात. तसंच ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तरी नको म्हणा. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं, आणि आपला नियम असा की जुन्या डिस्कवरून फक्त वाचायचं, तिच्यावर लिहायचं काहीच नाही, एक फोल्डर नवीन करायचा नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिच्यावर टाकायचं नाही, तिच्यातल्या तिच्यात काही हलवायचं नाही. हा एक नियम पाळला तर घरी बसून तुम्ही फारसं बिघडवू शकत नाही.

ड्राईव्ह उघडली की युजर्स फोल्डर, त्यात मामांच्या नावाचा फोल्डर, आणि त्याच्यावर क्लिक केलं की परवानगी नाही. मामा बाजूला बसलेले, ते भडकलेच. "माझं नाव, माझा फोल्डर, आणि मलाच परवानगी न्हाई म्हणतंय काय?" मी म्हटलं मामा, दाखल्यासारखं आहे हे, तुमचा दाखला खरा, सही-शिक्का खरा, पण सीमेपलीकडच्या कचेरीत नेला की तिथला साहेब म्हणतो आमच्या रजिस्टरात तुम्ही नाहीत. विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, प्रत्येक खात्याला एक लांबलचक नंबर देतं आणि फाईलवर मालक म्हणून तो नंबर लिहितं. नवीन कॉम्प्युटरवर तुम्ही त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं काढलं तरी नंबर वेगळाच, म्हणून तुम्ही परके. उपाय सोपा आहे, खाली ‘कंटिन्यू’ बटण असतं ते दाबायचं, अॅडमिनिस्ट्रेटर असाल तर विंडोज तुम्हाला आत घेतं. त्यानं भागलं नाही तर फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अॅडव्हान्स्ड, तिथं ओनर बदलायचा. फक्त एक लक्षात घ्या, ही परवानगी देताना विंडोज आतल्या एकेक फाईलवर नवीन नोंद करत जातं, म्हणजे डिस्कवर लिहितंच. डिस्क ठणठणीत असेल तर काही होत नाही, पण आजारी वाटत असेल तर हे करू नका, उबुंटूवरून उघडा, ते असल्या परवानग्या विचारतच नाही. मॅक असेल तर अजून बरं, तो विंडोजची डिस्क नुसती वाचतो, लिहायचं त्याला मुळात येतच नाही, आपल्याला पाहिजे तसा पाहुणा.

आणि ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाच्या फोल्डरशी भांडत बसू नका. विंडोज ७ च्या डिस्कवर तो दिसतो आणि काही केल्या उघडत नाही, कारण तो फोल्डरच नाही, युजर्सकडं बोट दाखवणारी पाटी आहे. डिस्क एक्सपीची असेल तरच तो खरा.

काय काय उचलायचं? डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना सुचतं. जे सुचत नाही ते ह्या फोल्डरांच्या बाहेर असतं. निपाणीतल्या एका ओळखीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याची डिस्क मी एकदा अशीच काढून दिली, फोटो-बिटो सगळे दिले, आणि आठ दिवसांनी त्यांचा फोन, हिशेब कुठाय? टॅलीचा डेटा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमधे असतो, डेटा नावाच्या फोल्डरात नुसत्या नंबरचे फोल्डर, एका कंपनीला एक, तो पूर्ण डेटा फोल्डर जसाच्या तसा उचलायचा. नशीब डिस्क मी पुसली नव्हती. जुन्या आउटलुकच्या मेलची पीएसटी फाईल (आउटलुक २०१० पासून ती डॉक्युमेंट्समधे असते) आणि क्रोमचे बुकमार्क हे ‘अॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात असतात, व्ह्यूमधे जाऊन हिडन आयटम्स चालू केलं की दिसतात. क्रोममधे सेव्ह केलेले पासवर्ड मात्र फाईल कॉपी करून मिळत नाहीत, ते जुन्या विंडोजच्या खात्याला बांधलेले असतात. आणि प्रोग्रॅम फाईल्स उचलायच्या भानगडीत पडू नका, सॉफ्टवेअर असं कॉपी करून चालत नाही, परतच टाकावं लागतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप. डिस्कवर कुलपाचं चित्र दिसलं तर ती कुलूपबंद आहे आणि ४८ आकडी किल्ली लागणार. विंडोज १० आणि ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमधे मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की हे कुलूप आपोआप लागतं, मालकाला पत्ता पण नसतो, लॅपटॉप चालू असेपर्यंत ते स्वतःच उघडत राहतं आणि डिस्क दुसरीकडं लावली की आडवं येतं. त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात वेबसाईटवर जाऊन लॉगिन केलं की बहुतेक वेळा किल्ली तिथं ठेवलेली सापडते. किल्ली नसेल तर कुणीही, कितीही पैसे घेऊन, ते उघडून देऊ शकत नाही, उघडतो म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका. मामांच्या २०११ च्या लॅपटॉपला ही भानगड नव्हती, जुन्याचा हा एक फायदा.

कॉपी करताना पण क्रम आहे. लोक पूर्ण ड्राईव्ह धरतात आणि ओढून टाकतात, मग मधेच एक खराब फाईल येते आणि सगळं थांबतं. आधी जे गेलं तर परत मिळणारच नाही ते, म्हणजे फोटो आणि स्वतः लिहिलेलं, मग हिशेब, पिक्चर आणि गाणी सगळ्यात शेवटी, किंवा नकोच. युएसबी २ वर सेकंदाला तीसेक एमबी धरा, म्हणजे २०० जीबीला दोन तास, बारीक बारीक फायली जास्त असतील तर त्याहून बराच जास्त. तोपर्यंत केबलला धक्का नको, आणि वीज जाणार असेल त्या वेळी डेस्कटॉपवर हे काम काढू नका, चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करा.

आता आवाज. डिस्कला कान लावा, अगदी शब्दशः. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी साधारण मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०, आणि तिच्यावरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं, टेकत नाही. आपला केस त्याच्यापुढं डोंगर. नुसता मंद घूं आवाज आला तर बरी आहे. चांगल्या पोर्टला लावून पण खट-खट-खट असा एका ठेक्यात आवाज येत असेल, किंवा खरडल्यासारखा, तर डोक्याला जागा सापडत नाहीये किंवा ते तबकडीला घासतंय, आणि चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तुमच्या फोटोंचा भुगा करतोय. लगेच काढा. त्यापुढं घरी काहीच करायचं नाही, डेटा तेवढा मोलाचा असेल तर क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या लॅबकडं द्या, बघायचे किती, काढायचे किती आणि काही निघालं नाही तर किती, हे आधी लिहून घ्या. घरात डिस्कचं झाकण उघडायचं नाही, धुळीचा एक कण पुरतो. आणि फ्रीजमधे ठेवायचा जो उपाय फिरत असतो तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि होतं नव्हतं ते पण जातं. खानापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

आवाज नाही पण कॉपी कुथत कुथत चालालीय, अशी मधली अवस्था पण असते. तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावा, डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते ती हे दाखवतं, निळं असेल तर बरं, पिवळं असेल तर घाई करा. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याच्या वर असेल तर काही जागा वाचता येईनाशा झाल्यात. अशा डिस्कवरून एकेक फाईल काढण्यापेक्षा आधी पूर्ण डिस्कची नक्कल करून घ्यायची आणि पुढची सगळी खटपट नकलेवर. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे काम फार हुशारीनं करतं, सोपं सोपं आधी भराभर उचलतं, अवघड जागा मागं ठेवतं, कुठवर आलो ह्याचा नकाशा लिहून ठेवतं, त्यामुळं मधे बंद केलं तरी परत तिथूनच. ते कमांड टाईप करून चालवावं लागतं, आणि त्यात कुठली डिस्क वाचायची आणि कुठल्या डिस्कवर लिहायचं ह्याचा क्रम उलटा झाला तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून हात बसलेला कुणी असेल तर त्याला बसवा शेजारी.

पुसलेल्या फायलींचं वेगळं. मामीनं विचारलं होतं, भाच्यानं चुकून एक अल्बम डिलीट केला होता तो पण येतोय काय. हे समजायला आपली पहाणी बघा, जमिनीचा उतारा. फाईल डिलीट केली म्हणजे उताऱ्यावरचं नाव कमी केलं, जमीन जागेवर, त्यातलं पीक पण उभंच. फक्त आता कागदोपत्री ती मोकळी, आणि नवीन कुणी येऊन नांगर घातला की पीक गेलं. म्हणून डिलीट झाल्याबरोबर ती डिस्क वापरायची बंद करायची, तुम्ही नुसतं इंटरनेट बघत बसलात तरी विंडोज मागं काही ना काही लिहीत असतंच. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी फुकट आहे आणि चांगली आहे. टेस्टडिस्क हरवलेला पूर्ण भाग शोधून देतं, फोटोरेक उतारा न बघताच शेतात उतरतं आणि पिकावरून ओळखतं की हा फोटो, हे पत्र. त्यामुळं फायलींची नावं मिळत नाहीत, नुसते नंबर टाकलेले हजारो फोटो मिळतात, आणि मग रविवारचा एक दिवस तुमचा गेला. एसएसडीत मात्र ही आशा फार कमी. तिथं ट्रिम म्हणून एक सोय असते, नाव कमी झालं रे झालं की ती डिस्कला कळवते, आणि डिस्क सवडीनं जागा साफ करते, म्हणजे तलाठ्यानं रेघ मारली की पाठोपाठ ट्रॅक्टर. मामांची डिस्क तबकडीची असल्यानं अल्बममधले निम्म्याहून जास्त फोटो मिळाले, काही अर्धे करडे झालेले.

एवढं सगळं झाल्यावर मामा म्हणाले, माझी पत्रं उघड बघू. उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मधे टोपीवाले ए, उलटे प्रश्नचिन्ह, दोन टिंबवाले यू. मामांचा चेहरा उतरला. "सगळं नासलं की रे." नासलं नव्हतं, आणि इथं आपल्या भागातले खूप लोक चांगल्या फायली खराब समजून टाकून देतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

युनिकोड, म्हणजे आज मोबाईलपासून सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत, अंगवळणी पडायच्या आधी मराठी टाईप करायला श्रीलिपी, आकृती, किंवा सीडॅकचे सुरेख, योगेश असले फॉन्ट वापरायचे, काही ठिकाणी अजून वापरतात. त्यांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला मराठी माहीतच नाही, त्याला वाटतं इंग्रजी अक्षरंच टाईप होताहेत, फॉन्ट फक्त त्या जागी आपलं चित्र काढतो, डी च्या जागी क म्हणा, एफच्या जागी अर्धा म. फाईलमधे साठवलेलं असतं इंग्रजीच्या सांकेतिक नंबरात. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट नाही की बुरखा फाटला. कानडीचं पण तेच, मामांनी ग्रामपंचायतीला लिहिलेले कानडी अर्ज नुडी ह्या कानडी फॉन्टात होते, ते उघडले तर तोच टोपीवाला ए. मराठी आणि कानडी दोन्ही एकसारख्याच अगम्य, ह्या एका बाबतीत तरी दोघींना समान न्याय.

फॉन्ट कुठला होता हे कळायला मजकूर निवडून वर्डमधे फॉन्टच्या चौकटीत बघायचं, फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तिथं दिसतं, श्री-देव आणि पुढं चार आकडे असं काही असेल तर श्रीलिपी. आणि हा फॉन्ट शोधत गावभर फिरायची गरज नाही, तो तुमच्या हातातच आहे. जुन्या डिस्कवर सी ड्राईव्ह, विंडोज, त्यात फॉन्ट्स फोल्डर. तिथून त्या नावाच्या फायली नवीन कॉम्प्युटरवर कॉपी करा, डबल क्लिक, इन्स्टॉल, वर्ड बंद करून परत उघडा. म्हणून मी आता कुणाची पण डिस्क काढली की फॉन्ट्सचा फोल्डर न विचारता उचलतो, जेमतेम काहीशे एमबी असतो आणि नंतर डिस्क भंगारात गेल्यावर तो आठवून काही उपयोग नाही. पुढं त्या फायली मोबाईलवर पण वाचायच्या असतील तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमधे बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त बदलून आल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. पेजमेकरच्या फायली असतील तर फॉन्टशिवाय पेजमेकर पण लागेल, त्यांची जमेल तेव्हा पीडीएफ करून ठेवलेली बरी.

मामांची पत्रं दिसायला लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एक पत्र पूर्ण वाचून काढलं, २०१३ सालचं, शाळेच्या पत्र्यांची गळती काढून मिळावी म्हणून लिहिलेलं. "ते पत्रे अजून गळालेत बघ," म्हणाले.

संध्याकाळच्या बसच्या आधी मामीसाठी लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राईव्हवर टाकायला घेतला तर म्हणे फाईल फार मोठी आहे. पेन ड्राईव्ह ३२ जीबीचा, फाईल ६ जीबीची. जागा असून मावेना, कारण पेन ड्राईव्ह फॅट३२ होता आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसतच नाही. एक्सफॅटमधे फॉरमॅट केला, म्हणजे पेन ड्राईव्ह बरं का, तो रिकामा होता म्हणून, आणि व्हिडिओ गेला. मामांचा टीव्ही जुना, एक्सफॅट वाचेल का नाही ह्याची खात्री नव्हती म्हणून त्याच व्हिडिओचे दोन तुकडे करून दुसऱ्या एका फॅट३२ पेन ड्राईव्हवर पण दिले. रात्री मामीचा फोन आला, दुसराच चालला म्हणे, आणि पहिल्या तुकड्यात मी वाढपी होऊन जिलेबी वाढताना दिसालोय.